औद्योगिक सिरॅमिकची आयात : वर्गीकरण आणि मूळ देशाची खूण

औद्योगिक सिरॅमिक म्हणजे अजैव, अधातू पदार्थांच्या भुकटीला आकार देऊन, मग भट्टीत भाजून तयार केलेला आणि कारखान्यात राबणारा माल. पोलाद कारखान्यातील लॅडलच्या अस्तराच्या विटा, रसायनांच्या पंपातील सील रिंगा, सूत गुंडाळण्याच्या यंत्रावरचे धागा-मार्गदर्शक, नळाच्या आतल्या पांढऱ्या चकत्या, वाहनाच्या धुराड्यातील सच्छिद्र जाळीदार ठोकळा, वीजवाहिनीवरचे इन्सुलेटर असा त्याचा पसारा आहे. हा माल देशाची सीमा ओलांडतो तेव्हा सीमाशुल्क खाते दोन गोष्टी विचारते. वस्तू दरसूचीच्या कोणत्या शीर्षकाखाली बसते, आणि ती घडली कोणत्या देशात? पहिल्या उत्तरावर शुल्काचा मूळ दर ठरतो. दुसऱ्यावर व्यापार करारातील सवलत, अँटी-डंपिंग शुल्क आणि वस्तूवर छापायचे देशाचे नाव अवलंबून असते. दोन्ही उत्तरे अखेर कारखान्यातील भट्टीच्या नोंदींतून निघतात: भट्टीत काय भरले, किती तापवले, कुठे तापवले. इनव्हॉइसवर नुसते ‘सिरॅमिक पार्ट्स’ एवढेच लिहून माल बंदरात उतरला, तर या नोंदी आयातदाराच्या हाती नसतात, आणि बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

वर्गीकरणाची चौकट जगभर जवळपास एकच आहे. १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्स येथे झालेल्या करारातून ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ ही मालाची सामाईक सूची तयार झाली आणि १ जानेवारी १९८८ पासून ती अमलात आली. जागतिक सीमाशुल्क संघटना ही सूची साधारण दर पाच वर्षांनी सुधारते. सूचीतील पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे जोडतो. भारताच्या सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीत आठ अंक आहेत, अमेरिकेच्या सूचीत दहा. दगड, सिमेंट, सिरॅमिक आणि काच यांचा तेरावा विभाग आहे. त्यातले ६८वे प्रकरण दगड, सिमेंट आणि तत्सम पदार्थांच्या वस्तूंचे, ६९वे सिरॅमिकचे आणि ७०वे काचेचे.

सूची वाचण्याचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यांतला पहिला सर्वांत महत्त्वाचा. विभागांची आणि प्रकरणांची नावे केवळ शोधण्याच्या सोयीसाठी असतात. कायद्याचे बंधन असते ते शीर्षकाच्या शब्दांचे आणि विभाग व प्रकरणांच्या आरंभी दिलेल्या टिपांचे. ६९व्या प्रकरणाच्या माथ्यावर ‘सिरॅमिक उत्पादने’ असे लिहिले आहे, म्हणून प्रत्येक सिरॅमिक वस्तू तिथे जात नाही, आणि बाजारात जिला कुणी सिरॅमिक म्हणत नाही अशी वस्तूही तिथे जाऊ शकते. त्यामुळे अभ्यासाला सुरुवात करायची ती टिपांपासून.

पहिली टीप सांगते की या प्रकरणात आकार दिल्यानंतर भाजलेल्या वस्तूच येतात. वाक्य लहान आहे, पण या संपूर्ण विषयाचा पाया त्यात आहे. २०२२ च्या आवृत्तीत त्याला दोन महत्त्वाची स्पष्टीकरणे जोडली गेली. रेझिन घट्ट करण्यासाठी, जलसंयोगाची प्रक्रिया वेगाने घडवण्यासाठी किंवा पाणी व इतर बाष्पशील घटक काढून टाकण्यासाठी ८०० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापवलेली वस्तू ‘भाजलेली’ मानायची नाही, हे पहिले. सिरॅमिक वस्तूचा कच्चा माल आधी सामान्यतः खोलीच्या तापमानाला तयार करून आकारात आणलेला असावा आणि नंतर भाजलेला असावा, हे दुसरे.

पहिल्या स्पष्टीकरणाची गरज कशी निर्माण झाली, हे मॅग्नेशिया-कार्बन विटेवरून कळते. मॅग्नेशियाचे दाणे आणि ग्रॅफाइट फिनॉलिक रेझिनमध्ये मळतात, मोठ्या दाबाखाली वीट पाडतात आणि रेझिन घट्ट होईल एवढीच ऊब देतात. ही वीट लॅडलमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये वितळलेल्या पोलादाचा मारा झेलते. ती बनवणारा कारखाना रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे भट्टीचा ताप सोसणाऱ्या मालाचा, असतो, विकत घेणारा तिला रिफ्रॅक्टरी वीट म्हणूनच घेतो, आणि तिच्याहून अधिक ताप सोसणारा माल सापडणे अवघड. तरीही सीमाशुल्काच्या दृष्टीने ती भाजलेली नाही. तिला खरी आच लागते ती पोलाद कारखान्यात, वापरात आल्यावर. म्हणून ती ६९०२ या रिफ्रॅक्टरी विटांच्या शीर्षकात न बसता ६८१५ मध्ये जाते. मॅग्नेशिया, डोलोमाइट किंवा क्रोमाइट असलेल्या वस्तूंसाठी तिथे ६८१५.९१ हे स्वतंत्र उपशीर्षक आहे. ८०० अंशांची रेघ स्पष्ट नव्हती तोवर रेझिन घट्ट करणारी ही ऊब, म्हणजे ‘टेम्परिंग’, भाजण्यात मोडते की नाही, यावर दोन्ही बाजूंना बोलता येत असे. आता आयातदाराला उत्पादकाकडून एकच कागद मागायचा आहे: त्या विटेला दिलेले सर्वाधिक तापमान दाखवणारे प्रक्रियापत्रक.

एकाच भट्टीच्या बांधकामाला लागणारा माल किती ठिकाणी विखुरतो, हेही इथेच लक्षात येते. भाजलेली अ‍ॅल्युमिना वीट ६९०२ मध्ये, न भाजलेली मॅग्नेशिया-कार्बन वीट ६८१५ मध्ये, विटा जोडण्याचा रिफ्रॅक्टरी मॉर्टर आणि ओतकामाचे कास्टेबल ३८१६ मध्ये, तर सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट खनिज लोकरीच्या ६८०६ मध्ये. ही सारी सामग्री पुष्कळदा एकाच खरेदी आदेशावर, एकाच कंटेनरमधून येते. तिला एकच कोड लावून मोकळे होण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण तपासणीच्या वेळी प्रत्येक ओळ वेगळी वाचली जाते.

काचेच्या सीमेवरचा प्रश्न नाजूक आहे. वितळवलेल्या सिलिकापासून केलेली मूस कोणत्या प्रकरणात जाते? ७०व्या प्रकरणाची टीप वितळवलेल्या क्वार्ट्झला आणि सिलिकाला काच मानते. ६९व्या प्रकरणाची टीप वितळवलेल्या सिलिकाला सिरॅमिकचा कच्चा मालही मानते. दोन्ही बरोबर आहेत. निर्णय प्रक्रियेवर होतो. सिलिका वितळलेल्या अवस्थेतच आकारात आणली असेल तर वस्तू काचेची. वितळवून थंड केलेल्या सिलिकाची भुकटी करून, ती साच्यात घालून, मग भाजून दाणे एकमेकांना जोडले असतील तर वस्तू सिरॅमिकची. रासायनिक चाचणीत दोन्ही नमुने सिलिकाच दाखवतील. फरक सांगू शकेल तो उत्पादनाचा तपशील किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचना. ग्लास-सिरॅमिक मात्र नावात सिरॅमिक असूनही ७०व्या प्रकरणातच राहते, कारण ते आधी काच म्हणून घडते आणि त्यात स्फटिक नंतर वाढवले जातात.

६९व्या प्रकरणाची दुसरी टीप वगळलेल्या वस्तूंची आहे. ग्राइंडिंग व्हील सिरॅमिक बंधकाने बांधून भाजलेले असले तरी ते ६८०४ मध्ये जाते. सिरॅमिक आणि धातू यांच्या मिश्रणातून केलेले सर्मेट ८११३ मध्ये, आणि सर्मेटची न बसवलेली टूल-टिप ८२०९ मध्ये. कृत्रिम दात ९०२१ मध्ये. औद्योगिक मालासाठी सर्वांत महत्त्वाची वगळणूक विजेच्या इन्सुलेटरची आहे. सिरॅमिक इन्सुलेटर ८५४६.२० मध्ये आणि यंत्रातील इन्सुलेटिंग फिटिंग ८५४७.१० मध्ये जाते. बहुस्तरीय सिरॅमिक कपॅसिटर ८५३२.२४ मध्ये असतो. फेराइटचा कायमचुंबक ८५०५ मध्ये, आणि चुंबकित केल्यावर कायमचुंबक व्हायचा असलेला, अजून चुंबकत्व न दिलेला तुकडाही तिथेच.

विजेच्या ८५व्या प्रकरणात सिरॅमिकला असा मोकळा प्रवेश आहे, पण यंत्रांच्या ८४व्या प्रकरणाचे दार त्याला बंद आहे. त्या प्रकरणाची पहिलीच टीप सिरॅमिकची यंत्रे, उदाहरणार्थ सिरॅमिकचा पंप, आणि कोणत्याही यंत्राचे सिरॅमिकचे सुटे भाग बाहेर काढून ६९व्या प्रकरणाकडे पाठवते. यंत्रसामग्री आयात करणाऱ्यांची सर्वाधिक चूक इथे होते. पंप ८४१३ मध्ये, म्हणून त्याची सिलिकॉन कार्बाइडची सील रिंग ८४१३ चा सुटा भाग, असा सरळ विचार केला जातो. रिंग धातूची असती तर हा विचार यंत्रांच्याच प्रकरणात राहिला असता. ती सिरॅमिकची आहे, म्हणून ती तांत्रिक वापराच्या सिरॅमिक वस्तूंच्या ६९०९ मध्ये जाते. नळातल्या सिरॅमिक चकत्यांचेही तेच. पण सिरॅमिकचा भाग धातूच्या घरात बसवून, स्प्रिंगा आणि रबरी कड्यांसह पूर्ण मेकॅनिकल सील म्हणून आला, तर ती जोडणी सिरॅमिकची वस्तू उरत नाही आणि ८४८४ चा विचार करावा लागतो. धातू आणि सिरॅमिक यांचे प्रमाण, काम कोण करते, किंमत कशाची, हे तपासून वस्तूचे मूळ स्वरूप ठरवणे हा वर्गीकरणातला सर्वांत कौशल्याचा भाग आहे आणि त्याला कोणतेही सूत्र पुरत नाही.

६९व्या प्रकरणात शिरलेल्या मालाची पुढची विभागणी रिफ्रॅक्टरी आणि इतर अशी होते. ६९०१ ते ६९०३ या शीर्षकांना अग्रक्रम आहे. त्यांत न बसणारा मालच ६९०४ च्या पुढे जातो. रिफ्रॅक्टरी म्हणजे धातुकाम किंवा काचकाम यांतल्या, साधारण १५०० अंश सेल्सिअस आणि त्यावरच्या तापमानाला टिकणारा माल. मात्र टिकण्याची क्षमता पुरेशी नाही, तो त्या कामासाठी घडवलेला असावा लागतो. सूचीच्या अधिकृत स्पष्टीकरणात यासाठी नेमके उदाहरण आहे. घट्ट भाजलेल्या अ‍ॅल्युमिनाची मूस ६९०३ मध्ये जाते, आणि त्याच अ‍ॅल्युमिनाचा कापड यंत्रावरचा धागा-मार्गदर्शक ६९०९ मध्ये. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या कापडधंद्यासाठी असा मार्गदर्शक मागवणाऱ्या व्यापाऱ्याने पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ‘१७०० अंशांपर्यंत टिकते’ असे वाचून ६९०३ लिहिले, तर ते चुकीचे ठरते. धाग्याला ताप सोसायचा नसतो, घर्षण सोसायचे असते.

६९०२ आणि ६९०३ मध्ये उपशीर्षक रासायनिक घटकांवर ठरते. मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा क्रोमियम, त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजून, वजनाने ५० टक्क्यांहून अधिक असल्यास वीट ६९०२.१० मध्ये जाते. अ‍ॅल्युमिना, सिलिका किंवा त्यांचे मिश्रण ५० टक्क्यांहून अधिक असल्यास ६९०२.२० मध्ये. इथे प्रयोगशाळेचा अहवाल निर्णायक असतो आणि वाद क्वचितच लांबतो.

६९०९ मध्ये कसोटी बदलते. पोर्सिलेनच्या वस्तू ६९०९.११ मध्ये, मोह्स मापनीवर ९ किंवा त्याहून अधिक कठीणपणा असलेल्या वस्तू ६९०९.१२ मध्ये, बाकीच्या ६९०९.१९ मध्ये. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेली ही मापनी केवळ क्रम दाखवते: कोण कुणावर ओरखडा काढते. तिच्यात क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. अ‍ॅल्युमिना हा कुरुंदाचाच पदार्थ, म्हणून शुद्ध आणि घट्ट भाजलेला अ‍ॅल्युमिना ९ च्या रेघेवर बसतो. सिलिकॉन कार्बाइड आणि बोरॉन कार्बाइड तिच्या वर जातात. झिर्कोनिया चिवटपणात अ‍ॅल्युमिनाहून सरस असला तरी कठीणपणात तो ९ च्या खाली राहतो, म्हणून त्याची वस्तू ६९०९.१९ मध्ये जाते. आजच्या कारखान्यात कठीणपणा व्हिकर्स पद्धतीने मोजतात आणि पुरवठादाराच्या पत्रकावर तोच आकडा असतो. मोह्सचा उल्लेख आयातदाराने आधीच मागून घ्यावा. माल बंदरात अडकल्यावर परदेशातून असा खुलासा मिळवणे खर्चाचे असते.

याच शीर्षकाच्या शेवटी मालाची वाहतूक किंवा पॅकिंग करण्याच्या सिरॅमिक बरण्याही आहेत. चिनी मातीची बरणी लोणच्याच्या कारखान्याने माल भरून विकण्यासाठी आणली तर ६९०९.९०, स्वयंपाकघरात साठवणीसाठी विकायला आणली तर ती घरगुती भांड्यांच्या ६९११ किंवा ६९१२ मध्ये जाते. टाइलच्या ६९०७ मध्ये २०१७ पासून पाणी शोषण्याच्या प्रमाणावर उपशीर्षके ठरतात: ०.५ टक्क्यापर्यंत, ०.५ ते १० टक्के, आणि १० टक्क्यांच्या वर. ग्लेझ आहे की नाही यावर आधारलेली जुनी विभागणी आणि ६९०८ हे शीर्षक तेव्हाच गेले.

भारतातील न्यायालयांनी वर्गीकरणाच्या वादांत काही आधारभूत तत्त्वे घालून दिली आहेत. व्यापारात वस्तू ज्या नावाने आणि ज्या समजुतीने ओळखली जाते तिला वजन द्यावे, आणि नेमक्या नोंदीत बसण्याचा वाजवी हक्क असलेल्या वस्तूला उरलेल्या मालाच्या नोंदीत ढकलू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डनलॉप इंडिया खटल्यात सांगितले. सिरॅमिकमध्ये ‘इतर वस्तूं’ची ती नोंद म्हणजे ६९१४. खात्याला आयातदाराने सांगितलेले वर्गीकरण बदलायचे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर येते, हे हिंदुस्थान फेरोडो खटल्यात स्पष्ट झाले. मात्र सूट देणाऱ्या अधिसूचनेचा अर्थ लावताना संशयाचा फायदा आयातदाराला मिळत नाही. मुंबईचे आयुक्त विरुद्ध दिलीप कुमार अँड कंपनी या खटल्यात घटनापीठाने २०१८ मध्ये तसा निर्णय दिला. व्यापारी समजुतीच्या तत्त्वालाही मर्यादा आहे: टिपेत शास्त्रीय कसोटी लिहिलेली असेल तिथे समजूत मागे पडते. मॅग्नेशिया-कार्बन विटेला साऱ्या बाजाराने रिफ्रॅक्टरी वीट म्हटले तरी ८०० अंशांची रेघ हलत नाही.

आता मूळ देशाचा प्रश्न. मालाचा मूळ देश म्हणजे तो जिथून जहाजावर चढला तो देश नव्हे, विक्रेत्याच्या कार्यालयाचा पत्ताही नव्हे. एकाच देशात मिळालेल्या कच्च्या मालापासून सगळे तिथेच झाले असेल तर प्रश्न उरत नाही. पण औद्योगिक सिरॅमिकमध्ये भुकटी एका देशाची, आकार आणि भट्टी दुसऱ्या देशातली, अचूक मापाचे घासकाम तिसऱ्या देशातले, असे नेहमी घडते. अशा वेळी शेवटचे मोठे, मूलभूत रूपांतर कुठे झाले ते पाहतात. ते ओळखण्याचे तीन मार्ग रूढ आहेत: शीर्षक बदलले का, किमतीत ठरावीक टक्के भर पडली का, आणि विशिष्ट प्रक्रिया तिथे झाली का.

सिरॅमिकचे रूपांतर भट्टीत होते. भुकटी दाबून केलेला कच्चा आकार हाताने मोडतो, खडूसारखा घासला जातो. अ‍ॅल्युमिना १५०० ते १७०० अंशांना भाजला की दाणे एकमेकांत विरघळून जोडले जातात, वस्तू प्रत्येक दिशेने साधारण १५ ते २० टक्के आकसते, आणि त्यानंतर तिला फक्त हिऱ्याच्या चाकानेच घासता येते. नाव, स्वरूप आणि उपयोग हे तिन्ही इथे बदलतात. अमेरिकेत मूलभूत रूपांतराची हीच त्रिसूत्री १९०८ च्या अनहॉयझर-बुश खटल्यापासून वापरात आहे. तो वाद बिअरच्या बाटल्यांच्या बुचांचा होता. भाजताना अंतिम उपयोग ठरून गेला असेल तर नंतरच्या घासकामाने किंवा नक्षीने मूळ देश बदलल्याचे सहसा मानले जात नाही.

व्यापार करारांत वर्गीकरण आणि मूळ देश एकमेकांना जोडले जातात. भारताच्या आसियान देशांशी झालेल्या, १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या वस्तू व्यापार कराराचा सर्वसाधारण नियम दुहेरी आहे: निर्यात किमतीत किमान ३५ टक्के प्रादेशिक वाटा हवा, आणि बाहेरून आणलेल्या सामग्रीचे सहा अंकी उपशीर्षक बदललेले हवे. चीनमध्ये भाजलेल्या अ‍ॅल्युमिना रिंगा मलेशियात नेऊन तिथे मायक्रॉनपर्यंत घासल्या, असे समजा. घासकाम महाग असते, त्यामुळे ३५ टक्क्यांची अट पुरी होऊ शकते. पण अपूर्ण वस्तूला पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप आलेले असेल तर तिचे वर्गीकरण पूर्ण वस्तूसारखेच करावे, असा सूची वाचण्याचा दुसरा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे चीनमधून निघालेली रिंग ६९०९.१२ आणि मलेशियात पूर्ण झालेली रिंगही ६९०९.१२. उपशीर्षक बदलले नाही, सवलत मिळत नाही. याउलट २८१८ मधली अ‍ॅल्युमिना भुकटी चीनमधून आणून दाबणे आणि भाजणे मलेशियात केले, तर बदल प्रकरणाचाच होतो आणि फक्त टक्केवारी तपासायची उरते. वर्गीकरण चुकले की मूळ देशाचा हिशेबही चुकतो, तो असा.

मूळ देशाचा दाखला हाती आहे म्हणून आयातदाराची जबाबदारी संपते, असे आता राहिलेले नाही. २०२० च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क कायद्यात कलम २८डीए आले आणि त्याखालचे, व्यापार करारांतील मूळ देशाच्या नियमांच्या अंमलबजावणीचे ‘कॅरोटार’ नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले. सवलत मागणाऱ्या आयातदाराकडे उत्पादन प्रक्रियेची, वापरलेल्या सामग्रीची आणि टक्केवारीच्या हिशेबाची माहिती आधीपासून असली पाहिजे आणि ती किमान पाच वर्षे जपली पाहिजे. परदेशी उत्पादक आपली भट्टी आणि किंमत उघड करायला राजी नसतो, ही अडचण खरी आहे. पण त्याची भीड बाळगून सवलत घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मौनाची जोखीम स्वतःवर ओढवून घेणे. खरेदी करारातच माहिती देण्याची अट घालणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

अँटी-डंपिंग शुल्कही मूळ देशाला चिकटते. चिनी व्हिट्रिफाइड टाइलवर भारताने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये असे शुल्क लावले. अमेरिकेने चिनी सिरॅमिक टाइलवर २०२० मध्ये. असा माल दुबई किंवा सिंगापूरमार्गे आणला, खोकी बदलली, तरी तो चिनीच राहतो.

वस्तूवर देशाचे नाव छापण्याची सक्ती या सगळ्यापेक्षा जुनी आहे. ब्रिटनचा मर्चंडाइज मार्क्स कायदा १८८७ चा, आणि अमेरिकेत ही सक्ती १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने आली. चिनी मातीच्या भांड्यांचे संग्राहक आजही तळावरच्या शिक्क्यावरून काळ ओळखतात: जपानी भांड्यांवर आधी ‘निप्पॉन’ असे, आणि १९२१ मध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याने इंग्रजी नावाचा आग्रह धरल्यावर ‘जपान’ असे. सध्याचा अमेरिकी नियम १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या ३०४व्या कलमात आहे. वस्तूच्या स्वरूपानुसार शक्य तितक्या सुवाच्य, न पुसणाऱ्या आणि कायम टिकणाऱ्या रीतीने मूळ देशाचे इंग्रजी नाव अंतिम खरेदीदाराला दिसले पाहिजे. खूण नसेल आणि माल परतही पाठवला नाही, नष्टही केला नाही आणि त्यावर नीट खूणही करून घेतली नाही, तर किमतीच्या १० टक्के जादा शुल्क बसते.

खूण कशी करावी याबद्दल अमेरिकेचे नियम कारागिराच्या समजुतीने लिहिलेले आहेत. उत्पादन होत असतानाच वस्तूत मुरवलेली खूण सर्वांत चांगली, असे ते सांगतात, आणि मातीच्या व चिनी मातीच्या वस्तूंवर ती भाजतानाच ग्लेझमध्ये उमटवावी असे सुचवतात. औद्योगिक सिरॅमिकला हे जसेच्या तसे लागू करता येत नाही. सील रिंगच्या घासलेल्या पृष्ठभागावर कोरलेले अक्षर गळतीला वाट देईल. मायक्रॉनच्या मापाच्या भागावर शिक्का चालत नाही. अशा मालासाठी अपवाद आहेत: जी वस्तू खूण करताना बिघडेल, जिच्यावर खूण करणे आर्थिकदृष्ट्या अशक्य आहे, किंवा जी आयातदार स्वतःच वापरणार आहे, तिच्या फक्त डब्यावर नाव छापले तरी चालते. एक इंचापेक्षा मोठी नसलेली टाइल अपवादांच्या यादीत नावानिशी आहे.

सर्वांत उपयोगी पडणारी कल्पना ‘अंतिम खरेदीदारा’ची आहे. अमेरिकेतला कारखाना आयात केलेला सिरॅमिक भाग आपल्या यंत्रात बसवून त्यातून नवी वस्तू घडवत असेल, तर तो कारखानाच अंतिम खरेदीदार ठरतो आणि त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या खोक्यावर नाव असले की पुरते. तीच रिंग सुटा भाग म्हणून दुकानातून दुरुस्तीसाठी विकली जाणार असेल तर खरेदीदार बदलतो आणि खूण त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. खोक्यावर अमेरिकेतल्या शहराचा पत्ता असल्यास आणि त्यामुळे दिशाभूल होण्याची शक्यता असल्यास त्याच्याजवळ, तुलनेने तेवढ्याच ठळक अक्षरांत ‘मेड इन’ या शब्दांसह खरा देश लिहावा लागतो. पुणे किंवा नाशिकच्या कारखान्यातून अमेरिकेला जाणाऱ्या सिरॅमिक भागांनाही हेच नियम लागतात, म्हणून ग्राहक तो भाग जोडणीत वापरणार की विकणार, हे निर्यातदाराने मागणी स्वीकारतानाच विचारून घ्यावे.

भारतात प्रत्येक आयात वस्तूवर देश छापण्याची अमेरिकेसारखी सरसकट सक्ती नाही. २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या आयात पाकिटांवर मूळ देश द्यावा लागतो, पण औद्योगिक ग्राहकासाठीची पाकिटे त्या नियमांबाहेर आहेत. खोटी खूण मात्र कुठल्याच मालावर खपत नाही. देशाचे नाव ठरवण्याचा अधिकार कुणाचा, यावर राष्ट्रांमध्येही वाद होतात: हाँगकाँगच्या मालावर ‘चीन’ लिहावे, असे अमेरिकेने २०२० मध्ये सांगितले, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ते नियमबाह्य ठरवले. अमेरिकेने अपील केले, पण अपील मंडळच ठप्प असल्याने निकाल अधांतरी राहिला.

या सगळ्याचा व्यवहारातला भार येतो तो बिल ऑफ एंट्री भरताना. २०११ पासून शुल्काचे स्वयंमूल्यांकन आयातदाराच्या अंगावर आहे. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसमध्ये नमुना प्रयोगशाळेत जातो तो त्यानंतर. म्हणून मालाच्या वर्णनात पदार्थ आणि त्याचे टक्के, आकार देण्याची रीत, भाजण्याचे तापमान, मोह्स कठीणपणा किंवा पाणी शोषण, कोणत्या यंत्रात कोणते काम, आणि भट्टी कोणत्या देशात, एवढे तरी असावे. शंका उरलीच तर माल मागवण्याआधी अग्रिम निर्णय मागण्याची सोय आहे. सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाची पीठे मुंबई आणि नवी दिल्ली येथे २०२१ पासून काम करत आहेत, आणि वर्गीकरणाप्रमाणेच मूळ देशाचा प्रश्नही त्यांच्यापुढे नेता येतो. मिळालेला निर्णय अर्जदाराला आणि संबंधित अधिकाऱ्यांना बंधनकारक असतो आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तीन वर्षे टिकतो. अर्जात दिलेली प्रक्रिया आणि प्रत्यक्ष आलेल्या मालाची प्रक्रिया एकच असली पाहिजे. पुरवठादाराने भट्टी दुसऱ्या देशात हलवली, किंवा भाजलेल्या विटेऐवजी रेझिनची वीट पाठवली, तर जुना निर्णय त्या मालाला लागू होत नाही आणि अर्ज नव्याने करावा लागतो.